हजार रुपयांच्या आत भरवशाची वाइन कशी निवडावी

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्या आणि त्यांचे यजमान शनिवारी रात्री जेवताना एखादा ग्लास वाइन घेतात. दोघांनाही त्यातले फारसे कळत नाही, त्यामुळे दुकानात गेल्यावर ओळखीचे नाव किंवा देखणे लेबल पाहून बाटली उचलली जाते. एखादी बाटली फार आवडते, पण महिन्याभराने तीच पुन्हा आणली की कधीकधी ती आंबूस आणि शिळी लागते. हजार रुपयांच्या आतबाहेर भरवशाची वाइन कशी ओळखावी, परदेशी घ्यावी की इथली, आणि उघडलेली बाटली किती दिवस चालते, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे. तीच बाटली दुसऱ्यांदा शिळी लागली, यात तुमच्या जिभेची काहीही चूक नाही. मी नाशिक परिसरातील वायनरींच्या, म्हणजे वाइन बनवण्याच्या कारखान्यांच्या, सेलरमध्ये (थंड कोठारात) अकरा हंगाम काम केले आणि त्यानंतरची बरीच वर्षे हॉटेलांसाठी वाइन निवडण्याचे काम करत आलो आहे. या सगळ्या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. आपल्या हवामानात साध्या, रोजच्या वाइनचा दर्जा लेबलावरच्या नावापेक्षा ती बाटली वायनरीतून निघाल्यापासून तुमच्या हातात पडेपर्यंत कुठे, किती दिवस आणि किती उन्हाळ्यात राहिली यावर जास्त अवलंबून असतो. व्हिस्की किंवा रम कपाटात वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून आपण वाइनकडेही त्याच नजरेने पाहतो. वाइन मात्र फळाच्या रसापासून झालेली आहे, तिच्यात मद्यार्क जेमतेम १२ ते १४ टक्के असतो, आणि उष्णता व उजेड तिला लवकर म्हातारी करतात. तेव्हा वाइन घेताना दारूच्या दुकानात गेल्यासारखे न वागता मंडईत गेल्यासारखे वागावे, म्हणजे माल ताजा आहे ना आणि तो सावलीत ठेवला होता ना, हे आधी पाहावे.

एक अनुभव सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मे महिन्यात शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या काही पेट्या साध्या ताडपत्रीच्या ट्रकमधून विदर्भात गेल्या. वाटेत ट्रक बंद पडला, दोन दिवस उन्हात उभा राहिला, आणि पुढे तो माल पत्र्याच्या गोदामात आठवडाभर पडून राहिला. तक्रार आल्यावर काही बाटल्या परत मागवल्या. त्याच टाकीतून, त्याच दिवशी भरलेली एक बाटली आमच्या सेलरमध्ये १५ अंशांवर ठेवलेली होती. दोन्ही शेजारी शेजारी ओतल्या. सेलरमधली फिकट, जवळजवळ शहाळ्याच्या पाण्यासारखी आणि कडेला किंचित हिरवी झाक असलेली होती. तिला ताज्या नाशपातीचा आणि लिंबाच्या सालीचा वास होता. ट्रकमधून आलेली कोऱ्या चहासारखी पिवळसर तपकिरी झाली होती आणि तिला शिजलेल्या सफरचंदाचा, थोडा मुरांब्यासारखा वास येत होता. चव चपटी होती, आणि फळ नाहीसे झाल्यामुळे नुसता आंबटपणा मागे उरला होता. लेबल एकच आणि वर्ष एकच असूनही ग्लासात दोन वेगळ्या वाइन होत्या. तुमच्या दुसऱ्या बाटलीचे बहुधा हेच झाले असावे, फक्त थोड्या सौम्य प्रमाणात.

म्हणून पहिली निवड दुकानाची करावी. आपल्याकडे दारूच्या जवळपास प्रत्येक दुकानाला लोक ‘वाइन शॉप’ म्हणतात, पण त्यातल्या बहुतेकांचा धंदा बिअर आणि व्हिस्कीवर चालतो आणि वाइनच्या बाटल्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटजवळ नाहीतर दर्शनी काचेत शोभेसाठी उभ्या असतात. अशा दुकानातून वाइन घेऊ नये, मग तिथे दहा टक्के सूट का मिळेना. ज्या दुकानात वाइनचा वेगळा कोपरा आहे, तिथे एसी आहे किंवा निदान भिंत उन्हाची नाही, आणि ज्या दुकानातून दर आठवड्याला वाइन खपते, ते दुकान दोन किलोमीटर लांब असले तरी तिथे जावे. खप हा सर्वांत मोठा निकष आहे, कारण जिथे पेटी पंधरा दिवसांत संपते तिथे बाटलीला खराब व्हायला वेळच मिळत नाही. दुकानदाराला सरळ विचारावे की, ‘तुमच्याकडे सगळ्यात जास्त कोणती वाइन जाते, आणि ताजी पेटी कोणती आली आहे?’ फळीवरची बाटली देण्याऐवजी आतल्या पेटीतली काढून द्या, असे सांगायला संकोच करू नये. चांगला दुकानदार याने रागावत नाही, उलट गिऱ्हाईक जाणते आहे हे ओळखून पुढच्या वेळी स्वतःहून सांगतो.

बाटली हातात आली की अर्धे मिनिट तिच्याकडे नीट पाहावे. आधी मानेतली पातळी पाहावी. शेजारच्या त्याच वाइनच्या बाटल्यांपेक्षा हिच्यातली पातळी खाली असेल, तर ती गळली आहे किंवा फार तापली आहे. बुचाची बाटली असेल तर वरच्या वेष्टनावरून अंगठा फिरवावा. बूच वेष्टनाखाली फुगून वर आलेले जाणवले, तर उष्णतेने आतला द्रव प्रसरण पावून त्याने बूच रेटले आहे असे समजावे. वेष्टन हलकेच गोल फिरवूनही पाहावे. ते फिरले तर बहुधा काही गळलेले नाही. आत वाइन झिरपून वाळली असेल तर ते चिकटून बसते. मात्र काही वेष्टने मुळातच घट्ट असतात, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये. पांढरी वाइन उजेडासमोर धरावी आणि ती जितकी फिकट तितकी चांगली मानावी. गुलाबी वाइन बहुधा पारदर्शक काचेत येते आणि तिला उजेडाचा त्रास सर्वांत जास्त होतो. तिच्यात नारिंगी-तपकिरी छटा दिसली तर ती परत ठेवावी. फिरकीच्या झाकणाची वाइन हलक्या दर्जाची असते, हा समज मनातून काढून टाकावा. वर्षभरात प्यायच्या वाइनसाठी फिरकीचे झाकण बुचापेक्षा भरवशाचे असते, कारण बुचातून येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास त्यात येण्याचा धोका जवळजवळ राहत नाही.

आता वर्षाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लेबलावरचे वर्ष म्हणजे द्राक्षे ज्या वर्षी काढली ते वर्ष. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य जगातल्या फार थोड्या आणि महागड्या वाइनना लागू पडते. तुम्ही ज्या किमतीची वाइन घेणार आहात ती बाटलीत भरली त्या दिवसापासून पिण्यासाठीच केलेली असते. पांढरी आणि गुलाबी वाइन काढणीपासून दीड-दोन वर्षांत आणि साधी लाल तीन वर्षांत संपवावी, असा माझा ढोबळ नियम आहे. त्याहून जुनी बाटली सवलतीत मिळत असेल तर ती सवलत का दिली आहे, याचा विचार करावा.

आपल्याकडचे द्राक्षाचे वेळापत्रक लक्षात घेतले तर या नियमाचा आणखी फायदा होतो. नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. पीक एकच घेतात आणि त्याची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. थंडीच्या त्या दिवसांत रात्री तापमान कधीकधी दहा अंशांच्या खाली उतरते, द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो, आणि पहाटे काढलेली थंड फळे त्याच सकाळी वायनरीत पोचतात. पांढरी वाइन तिथून काही महिन्यांतच बाटलीत येते. म्हणजे चालू वर्षाचा आकडा असलेली नाशिकची पांढरी वाइन तुम्हाला त्याच वर्षी पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास मिळू शकते. युरोपात काढणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, त्यामुळे फ्रान्सची २०२३ ची आणि नाशिकची २०२४ ची वाइन यांत पुरते वर्ष नसून चार-पाच महिन्यांचेच अंतर असते. दोघींची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

परदेशी की इथली, या प्रश्नाचे उत्तर चवीच्या आधी हिशेबाने द्यावे लागते. भारतात येणाऱ्या वाइनवर एकूण आयात शुल्क अनेक वर्षे १५० टक्के राहिले आहे. समजा, एखादी बाटली मुंबई बंदरात वाहतूक आणि विमा धरून ४०० रुपयांना पडली, तर शुल्कानेच ती १००० रुपयांची होते. त्यावर आयातदाराचा खर्च आणि नफा, राज्याचे शुल्क, लेबल नोंदणी, घाऊक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा वाटा चढला की तुमच्या हातात येईपर्यंत ती दोन हजारांच्या आसपास जाते. म्हणजे तुम्ही दोन हजार मोजता, पण बाटलीत आहे ती तिकडच्या सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरची वाइन, आणि तीही जहाजाने व कंटेनरने विषुववृत्ताकडची उष्णता सोसून आलेली. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तेव्हापासून ५ डॉलरपेक्षा जास्त आयात किमतीच्या ऑस्ट्रेलियन बाटल्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरते आहे. त्यामुळे परदेशीच घ्यायची असेल तर पंधराशे-दोन हजारांच्या गटात मी आधी ऑस्ट्रेलियाची शिराझ या द्राक्षाची लाल वाइन पाहीन. हजार रुपयांच्या आत मात्र परदेशी वाइनच्या मागे लागू नये. त्या किमतीला परदेशी वाटणारे नाव दिसले तर मागचे लेबल वाचावे, कारण काही वाइन मोठ्या टाक्यांतून किंवा पिशव्यांतून आयात करून इथे बाटलीत भरलेल्या असतात. त्यात बेकायदा काही नाही, पण आपण काय घेतो आहोत हे आपल्याला माहीत असावे.

महाराष्ट्रात तुम्ही सुदैवी आहात, कारण देशातल्या वाइनचा मोठा वाटा तुमच्या घरापासून चार-पाच तासांच्या अंतरावर तयार होतो. नारायणगावजवळ श्याम चौगुले यांनी १९८० च्या दशकात इंडाज या वायनरीची सुरुवात केली. बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने १९८८ मध्ये काम उभे केले. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाने २००० मध्ये पहिल्या वाइन बाजारात आणल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून इथल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि त्यानंतर नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात वायनरी उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आहे, तिच्यामागे इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे अशी तीन कुटुंबे आहेत. या राज्यात तयार झालेली वाइन तुम्हाला बाहेरच्या राज्यातल्या वाइनपेक्षा त्याच दर्जाला स्वस्त पडते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ताजी मिळते.

माझे स्पष्ट मत विचाराल तर हजार रुपयांच्या आत आपल्याकडची पांढरी वाइन लालपेक्षा सरस असते. नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि तिथल्या थंडीत पांढरी द्राक्षे चांगली साधतात. लाल द्राक्षांची सालही पिकावी लागते, त्यासाठी ती वेलीवर जास्त दिवस ठेवावी लागतात, आणि तोवर फेब्रुवारी-मार्चचे ऊन सुरू होते. साखर झपाट्याने वाढते, पण सालीतला तुरटपणा तितक्या वेगाने मऊ होत नाही. म्हणून स्वस्त लाल वाइनमध्ये एकीकडे मद्यार्काची ऊब आणि दुसरीकडे कच्चा, हिरवट तुरटपणा असे दोन्ही जाणवतात. हे दोष काढायला द्राक्षांची निवड, कमी उत्पादन, लाकडी पिंपात मुरवण्याचा काळ असा खर्च लागतो, आणि तो खर्च हजाराच्या आत बसत नाही. तेव्हा शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन जातींपासून सुरुवात करा. सुला, फ्रातेल्ली, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा, रेव्हेलो, वालोने अशा निरनिराळ्या वायनरींच्या या जातींच्या वाइन पुण्यात मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच तुमच्या रकमेत किंवा थोड्या वर बसतात. लालच हवी असेल तर शिराझ घ्यावी. उष्णता तिला कॅबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या लाल जातीपेक्षा जास्त मानवते, आणि तिच्यातला काळ्या मिरीचा वास आपल्या नाकाला लगेच ओळखू येतो.

या वाइनची चव ओळखायला परकी शब्दसंपत्ती लागत नाही. आंबट, गोड, तुरट हे तिन्ही शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि नव्वद टक्के काम त्यांवरच होते. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते. तुरटपणा म्हणजे आवळा किंवा हिरडा चावल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात तो. तो प्रामुख्याने लाल वाइनमध्ये असतो, कारण तो साल आणि बियांतून येतो. वाइनचे वजन म्हणजे ताक आणि साईचे दूध यांत तोंडाला जो फरक जाणवतो तो. गोडीबाबत मात्र सावध राहावे, कारण नाक आपल्याला फसवते. पिकलेल्या फळाचा वास आला की वाइन गोड आहे असे वाटते, पण ‘ड्राय’, म्हणजे गोड नसलेल्या, वाइनमध्ये लिटरला साधारण ४ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, म्हणजे एका ग्लासात जेमतेम चिमूटभर. शेनिनच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. आपल्याकडची काही शेनिन किंचित गोडसर ठेवलेली असते, काही पूर्ण ड्राय असते, आणि पुढच्या लेबलावर दोन्हींवर नुसते ‘शेनिन ब्लाँ’ लिहिलेले असते. मागचे लेबल वाचावे किंवा दुकानदाराला विचारावे. सोव्हिन्यों ब्लाँ (पुढे नुसती सोव्हिन्यों) बहुधा ड्राय असते आणि तिला पेरू, लिंबू आणि ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो. कोणाला तो फार आवडतो, कोणाला मुळीच नाही, आणि नावडणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये.

शनिवारी तुम्ही जेवता काय, यावरही निवड ठरावी. तिखट आणि मद्यार्क एकमेकांना भडकवतात, आणि तिखटाबरोबर तुरट लाल वाइन कडवट लागते. झणझणीत मटणाबरोबर लाल वाइन हवी असा पाश्चात्त्य नियम आपल्या रश्श्यापुढे टिकत नाही. तांबड्या रश्श्याबरोबर किंवा मिसळीबरोबर किंचित गोडसर शेनिन खूप थंड करून घेऊन पाहा, जिभेवरची आग ती शांत करते. तळलेल्या पदार्थांना आंबट, ड्राय वाइन लागते, कारण आंबटपणा तेलाचा थर कापतो. रवा लावून तळलेली सुरमई, बोंबील किंवा कोथिंबीर वडी यांच्याबरोबर सोव्हिन्योंइतकी दुसरी कोणतीही वाइन मला जमलेली दिसली नाही, जणू कोणी वरून लिंबू पिळले आहे. नारळाच्या वाटणाच्या मालवणी कालवणाबरोबर गुलाबी वाइन बरी. शिराझ मात्र सुक्या मटणासाठी, भाजलेल्या खिम्यासाठी, किंवा साध्या वांग्याच्या भरतासाठी राखून ठेवावी. भरताला चुलीवरच्या धुराचा वास असेल तर ही जोडी अतिशय सुंदर जमते आणि फार थोडे लोक ती करून पाहतात.

लेबलावरच्या मोठ्या शब्दांविषयी दोनच गोष्टी सांगतो. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला स्पेनमध्ये कायद्याचा अर्थ आहे. तिथली लाल ‘रेसेर्व्हा’ किमान तीन वर्षे, त्यातले किमान एक वर्ष लाकडी पिंपात, मुरवावी लागते. आपल्याकडे या शब्दामागे तसे कायद्याचे बंधन नाही, त्यामुळे एखादी वायनरी तो प्रामाणिकपणे वापरते, तर एखादी नुसती किंमत वाढवण्यासाठी. दुसरी गोष्ट ‘पोर्ट वाइन’ची. गोव्यात सहलीला गेलेली मंडळी स्वस्तातली गोड पोर्ट घेऊन येतात आणि वाइन म्हणजे हीच अशी समजूत करून घेतात. पोर्तुगालची खरी पोर्ट ही द्राक्षाचा मद्यार्क घालून आंबवणे मध्येच थांबवलेली, १९-२० टक्क्यांची, मेहनतीने मुरवलेली वाइन असते. आपल्याकडे त्या नावाने विकली जाते ती बहुधा साखरेने गोड केलेली साधी वाइन असते. ती कोणाला आवडत असेल तर जरूर प्यावी, पण तिच्यावरून बाकीच्या वाइनची पारख करू नये. आणि गोव्यात बाटल्या स्वस्त आहेत म्हणून परवान्याशिवाय गाडीत घालून महाराष्ट्रात आणू नयेत, तो गुन्हा आहे, आणि डिकीत आठ तास तापलेली वाइन तशीही पिण्यालायक राहत नाही.

घरी आणल्यावर बाटली स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या कपाटात ठेवण्याची चूक बहुतेक घरांत होते. पुण्यात एप्रिलमध्ये त्या कपाटात ३५-४० अंश सहज होतात. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज घेण्याची गरज नाही. महिन्याभरात संपणारी बाटली, लाल असो वा पांढरी, सरळ घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा नियम ज्या देशांत निघाला तिथल्या खोल्या १६ ते १८ अंशांच्या होत्या. आपल्या खोलीच्या तापमानाला लाल वाइन प्यायलात तर फक्त मद्यार्क नाकात जातो आणि फळाचा वास दबतो. लाल वाइन फ्रिजमधून काढून पाऊण तास बाहेर ठेवावी, पांढरी पंधरा मिनिटे. फार थंड असली की वास मिटून जातो, म्हणून ग्लास हातात धरून थोडी ऊब द्यावी आणि तिच्यात काय बदलते ते पाहावे. काचेचा साधा, तोंडाशी किंचित निमुळता ग्लास पुरे आहे, तो एक तृतीयांशच भरावा.

अनेकजण विचारतात म्हणून डोकेदुखीचेही सांगतो. लेबलावरच्या सल्फाइटला, म्हणजे वाइन टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थाला, त्याचा दोष दिला जातो, पण लाल वाइनमध्ये ते सामान्यतः पांढरीपेक्षा कमी असते, आणि सुकवलेल्या पिवळ्या जर्दाळूंमध्ये वाइनच्या कित्येक पट असते. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी आधी आपण किती प्यालो आणि बरोबर पाणी घेतले का, हे आठवावे. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, आणि १३ टक्क्यांच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क असतो. ‘वाइन हृदयाला चांगली’ या कारणाने कोणी पिऊ नये. तुम्ही दोघे आठवड्यातून एकेक ग्लास जेवणाच्या आनंदासाठी घेता, ते कारण पुरेसे आणि प्रामाणिक आहे.

निवडीचा हात बसावा म्हणून पुढच्या दोन-तीन महिन्यांत एक करा. एका शनिवारी दोन वेगवेगळ्या वायनरींची, पण एकाच वर्षाची शेनिन आणा, दोन्ही उघडा आणि एकाच जेवणाबरोबर अर्धा-अर्धा ग्लास घ्या. एकेक बाटली निरनिराळ्या आठवड्यांत प्यायली की काहीच आठवत नाही. दोन ग्लास शेजारी ठेवले की कोणती जास्त आंबट, कोणती गोडसर, कोणती हलकी हे न शिकवता कळते. आवडलेल्या बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही लेबलांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण वर्ष, गोडी आणि बाटली कुठे भरली हे तिथेच कळते. पुढच्या महिन्यात सोव्हिन्योंचे असेच करा, मग शिराझचे.

अशा रीतीने दोन बाटल्या उघडल्या की उरणार हे उघड आहे, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच कामी येईल. उघडलेल्या वाइनचा शत्रू हवा आहे. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा, म्हणून नुसते बूच लावून ओट्यावर ठेवलेली वाइन दुसऱ्या दिवशीच मंदावते आणि हळूहळू व्हिनेगरकडे जाते. ३७५ मिलीची फिरकीच्या झाकणाची एखादी रिकामी बाटली गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घरात ठेवावी. मोठी बाटली उघडल्याबरोबर, जेवायला बसण्याआधीच, तिच्यातली अर्धी वाइन या छोट्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत ओतावी, झाकण घट्ट लावावे आणि फ्रिजमध्ये ठेवावी. अशी ठेवलेली पांढरी किंवा लाल वाइन पुढच्या शनिवारपर्यंत व्यवस्थित राहते. मोठ्या बाटलीत उरलेली फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी, आणि फसफसणारी असेल तर दुसऱ्याच दिवशी. त्यानंतरही उरली आणि नुसती प्यायला नकोशी वाटली, तर मशरूम किंवा चिकन परतताना तव्यावर घालून मोठ्या आचेवर आटवावी, एक लहान वाटी पुरते.